‘79 पैकी 10 दगावले’: बेडाक्विलिनवरच्या मेसेजला उत्तर

एमडीआर टीबीच्या, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांमध्ये, त्यावरच्या बेडाक्विलिन या गोळीबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘सशर्त मंजुरी म्हणजे कच्चं औषध गरिबांवर तपासणं. बेडाक्विलिन घेणाऱ्या 79 पैकी 10 जण दगावले, तरी ते बाजारात आणलं. आणि एकदा मंजूर झालेलं औषध परत कुणी घेत नाही.’ हे वाचून कुणी गोळ्या बंद केल्या तर जिवावर बेतेल, म्हणून लिहिते आहे.

औषध कच्चं नव्हतं. नेहमीच्या औषधांच्या जोडीला बेडाक्विलिन घेणाऱ्यांपैकी 79 टक्के रुग्णांच्या थुंकीत 24 आठवड्यांनी टीबीचे जंतू सापडेनासे झाले. डमी गोळी घेणाऱ्यांत 58 टक्के. त्यावर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर 2012 मध्ये सशर्त मंजुरी दिली. थुंकी साफ झालेला माणूस पुढे खरंच बरा होतो का, हे मोठ्या चाचणीत दाखवा, ही अट होती.

आता ते 10 मृत्यू. आकडा खरा आहे. डमी गोळीच्या गटात 81 पैकी 2 गेले होते, आणि हा फरक बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. एफडीएने तो लपवला नाही, औषधाच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत छापायला लावला. पण त्या दहांपैकी पाच जण टीबीनेच गेले, एक रस्त्यावरच्या अपघातात, आणि उरलेल्यांची कारणंही एकमेकांशी जुळत नव्हती. 160 जणांच्या चाचणीत दोष औषधाचा की योगायोगाचा, हे ठरत नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेत बेडाक्विलिन मिळालेल्या हजारभर रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मृत्यू 13 टक्क्यांच्या आसपास निघाले. न मिळालेल्यांत 25. 2022 मध्ये मोठ्या चाचणीचे निकाल आले: बेडाक्विलिन असलेल्या गोळ्यांच्या उपचाराने 83 टक्के रुग्णांना गुण आला, इंजेक्शनवाल्या उपचाराने 71. जून 2024 मध्ये एफडीएने पूर्ण मंजुरी दिली.

‘गरिबांवर प्रयोग’ तर साफ उलटं आहे. भारतात 2016 मध्ये हे औषध मोजक्या सहा केंद्रांवरच मिळायचं. पाटण्याच्या एका मुलीसाठी घरच्यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. तोवर बाकीचे कानामायसिन या टीबीवरच्या जुन्या औषधाची इंजेक्शनं घेत होते, आणि त्यातल्या कित्येकांना कायमचं बहिरेपण आलं.

‘परत घेत नाहीत’ हेही खरं नाही, पण इथे मेसेजवाल्यांचा राग मला पटतो. अकाली प्रसूती टाळण्यासाठीचं मकेना हे इंजेक्शन 2011 मध्ये अमेरिकेत असंच सशर्त मंजूर झालं, 2019 मध्ये पुढची चाचणी फसली, आणि मंजुरी रद्द व्हायला एप्रिल 2023 उजाडलं. निरुपयोगी ठरलेलं इंजेक्शन गरोदर बायकांना चार वर्षं टोचत राहणं अक्षम्य आहे. डिसेंबर 2022 च्या अमेरिकी कायद्याने एफडीएला मंजुरीआधीच पुढची चाचणी सुरू करायला लावण्याचा अधिकार दिला. आपल्याकडच्या नव्या औषधांच्या 2019 च्या नियमांतही अशा त्वरित मंजुरीची सोय आहे. तेव्हा पुढची चाचणी कधी संपणार, हे आपणही विचारलं पाहिजे.

बेडाक्विलिन चालू असेल तर ते मनाने थांबवू नका. त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा ईसीजी मात्र न चुकता काढा.