हातात पाण्याची बाटली, तरी आकडा तोच!

सकाळी साडेसहा. संडासला जाऊन आलेली, पोटात पाण्याचा थेंब नाही, अंगावर रोजचाच सुती गाऊन. डिजिटल वजनकाट्यावर उभी राहिले. ११२.४. काल ११२.४. परवाही ११२.४. सलग पाच दिवस तोच आकडा, दशांशासकट! डोक्यात सणक गेली. ओट्यावरची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली उचलली आणि पुन्हा उभी राहिले.

११२.४.

अर्धा किलो पाणी हातात आहे माझ्या! ते कुठे गेलं?

लेकीने पाच किलो तांदळाची पिशवी काट्यावर ठेवली, काढली, आणि मला म्हणाली, "आई, आता उभी राहा." १११.८. म्हणजे सहाशे ग्रॅम केव्हाच उतरले होते आणि हे यंत्र मला शिळा आकडा दाखवत बसलं होतं. मग कळलं की असे बरेच काटे शेवटचं वजन लक्षात ठेवतात. पुढचं वजन त्याच्या आसपास आलं की जुनाच आकडा पुन्हा दाखवतात, म्हणजे दोनदा उभं राहिलेल्या गिऱ्हाइकाला वाटावं, वा, काय अचूक काटा आहे! हा बिघाड नाही. मुद्दाम केलेली लबाडी आहे, आणि खोक्यावर तिचा एक शब्द नाही.

ज्याला सहा महिन्यांतून एकदा गंमत म्हणून वजन बघायचं आहे त्याला काय फरक पडतो? मला पडतो. माझं वजन उतरवायचं, स्लीव्हचं ऑपरेशन झालंय. पोटाचा जवळजवळ पाऊण भाग कापून काढलाय. १२६ वरून इथवर आले ती पातळ ताक, डाळीचं पाणी, प्रोटीन पावडर असं घोट घोट मोजून. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला वजन अडतं, घाबरू नका, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सुरुवातीला शरीरातला साखरेचा साठा संपतो आणि त्या साठ्याच्या एकेका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी जातं, म्हणून वजन धडाधड उतरतं. पुढे शरीर थोडं पाणी धरून ठेवतं. हे सगळं मला पाठ आहे. पण खरंच अडलेलं वजन वेगळं आणि काट्याने अडवून धरलेलं वेगळं. त्या पाच दिवसांत मी रात्री रडलेय. आपण काय चुकलो, डाळीत तूप जास्त पडलं का, म्हणून स्वतःला दोष दिलाय. घरात कुणी बोललं नाही, पण सासूबाई ताटाकडे बघायच्या ते मला दिसत होतं. एका फालतू चिपपायी!

दादरच्या दुकानात काटा परत घेऊन गेले तर दुकानदार म्हणतो, "मॅडम, घरगुती काटा आहे, अर्धा किलो इकडेतिकडे चालतं." चालतं? अर्धा किलो म्हणजे माझे तीन-चार दिवस आहेत! भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला दर वर्षी वजनमापे खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. पाव किलो भेंडीसाठी कायदा आहे, आणि माझ्या तब्येतीसाठी खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'व्यापारासाठी वापरू नये'. झालं, हात झटकले.

आणि याला म्हणायचं बाथरूम स्केल! कुणाच्या बाथरूममध्ये ठेवायचा? लालबागच्या आमच्या घरात बाथरूम म्हणजे बादली, टब, वॉशिंग मशीन आणि मोरीकडे उतार. त्या काचेवर ओला पाय ठेवला तर टाके घातलेल्या पोटानिशी आपटायचंच. बाहेरच्या खोलीत जुनी लादी, एकही सांधा सरळ नाही. या काट्याच्या चार पायांत चार सेन्सर असतात. वजन पडलं की त्यातली पट्टी किंचित वाकते आणि चौघांची बेरीज होऊन आकडा येतो. एक पाय सांध्यावर अधांतरी राहिला की बेरीज चुकली. चटईवर ठेवला तर तळ टेकतो, मग आकड्याचा काही भरवसाच नाही. दारापाशी एक वजन, ओट्याखाली दुसरं, दोघांत एक किलो तीनशेचा फरक! शेवटी ओट्याखालच्या एका लादीवर खडूने चार खुणा केल्यात आणि काटा तिथून हलवायचा नाही असं घरात सगळ्यांना बजावलंय.

दीराने हौसेने मोबाइलला जोडायचा काटा आणून दिला. वजन दाखवायच्या आधी त्याला माझा नंबर, जन्मतारीख आणि लोकेशन पाहिजे! माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनाशी लोकेशनचा काय संबंध? वर चरबी किती, स्नायू किती, 'शरीराचं वय' किती. माझं शरीराचं वय म्हणे ६१. मी ४६ ची आहे. तळपायातून बारीकसा करंट सोडून अंगातल्या पाण्यावरून तो हा हिशोब मांडतो, आणि ऑपरेशननंतर माझ्या अंगातलं पाणीच रोज बदलतंय. सकाळी स्नायू घटले, दोन पेले पाणी पिऊन संध्याकाळी वाढले. प्रोटीन कमी पडतंय की काय या धास्तीत असलेल्या बाईला हे दाखवायचं? आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी असा काटा वापरायचाच नसतो, तो इशारा पुस्तिकेच्या मागच्या पानावर.

हॉस्पिटलमध्ये माझ्या शेजारच्या खोलीत एक काका होते, १७२ किलोचे. बाजारातले कितीतरी काटे १५० किंवा १८० वर संपतात. त्यांच्या घरच्या काट्यावर आकडाच येत नव्हता, नुसतं 'एरर'. सुनेसमोर 'एरर'. ज्या माणसाला वजनकाट्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच्यासाठी काटाच बनवायचा नाही. आणि जाहिरातीत काट्यावर उभी कोण? पन्नास किलोची पोरगी.

मला चरबीचा टक्का नको, वय नको, मोबाइलवर शाबासकी नको. दोनशे किलो पेलणारा, दोन्ही पाय नीट मावतील एवढा रुंद, पोटाच्या पुढून वाकल्याशिवाय दिसेल एवढा मोठा आकडा असलेला, आणि कालचं विसरून आजचं खरं सांगणारा काटा पाहिजे. पैसे द्यायला मी तयार आहे.

शनिवारी पुन्हा बाजारात जाणार आहे. पिशवीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली असेल. आधी नुसती उभी राहीन, मग बाटली घेऊन. 'मॅडम, खोकं फोडता येणार नाही' म्हणणाऱ्याच्या दुकानातून सरळ बाहेर पडणार.