लेखक आहात? मग पेन असेल ना

सायन्स फिक्शन-फॅन्टसीच्या कन्व्हेन्शनला लेखक म्हणून बोलावणं आलं तेव्हा मी घरात असा काही रुबाबात वावरलो की दोन दिवस कुणी मला कचरा टाकून यायला सांगितलं नाही. सोबत एक फॉर्म होता, कुठल्या कुठल्या विषयावर बोलाल त्याचा. मी लिहितो अंतराळयानांवर, पण उत्साहाच्या भरात "काहीही चालेल"वर टिक केली आणि तीच भोवली.

पहिल्याच दिवशी पॅनेल, विषय काय तर ड्रॅगन खरंच उडू शकेल का. दोन्ही बाजूंना ड्रॅगनवर हयात घालवलेली माणसं आणि मधे मी, पाण्याचा ग्लास घट्ट धरून. मॉडरेटरने माझं नाव तीन वेळा तीन प्रकारे घेतलं, तिसऱ्यांदा तर मलाच वाटलं, असेल बुवा असंच. मग प्रेक्षकांतून एक गृहस्थ उठले, "प्रश्न नाहीये, छोटीशी कॉमेंट आहे" म्हणाले (हे ऐकलं की मुरलेले लेखक खुर्चीत खाली सरकतात, मी नवखा, ताठ बसून राहिलो) आणि पुढची बारा मिनिटं त्यांनी समजावलं की ड्रॅगन लांबी-रुंदी-उंची सगळीकडून दुप्पट केला तर पंखांचं क्षेत्रफळ 4 पट होतं पण वजन 8 पट, म्हणजे जेवढा दांडगा ड्रॅगन तेवढा जमिनीला जास्त चिकटलेला. सगळं बरोबर होतं हो, दुःख त्याचंच. माझ्याकडे माइक आला तेव्हा मी म्हटलं, "मग तो चालत जाईल." लोक हसले. तीन दिवसांतलं माझं वैचारिक योगदान तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सह्या. माझ्या शेजारच्या टेबलावर एक नामांकित लेखिका, त्यांची रांग माझ्या टेबलाला वळसा घालून दाराबाहेर गेलेली. एका वेळी तीनच पुस्तकांवर सही असा नियम, त्यामुळे जास्त पुस्तकंवाले सही झाली की पुन्हा रांगेच्या शेपटाला. माझ्याकडे नियम लावायला माणूसच नव्हता. लोकांनी माझ्या टेबलावर पिशव्या ठेवल्या, परीचा वेष करून आलेल्या एकीने स्वतःचे पंख काढून "जरा बघाल का" म्हणत माझ्या मांडीवर दिले, मी वीस मिनिटं पंख सांभाळले. मग एक मुलगा थेट माझ्यासमोर येऊन थांबला. मी पाठ सरळ केली.

"तुम्ही लेखक का?"

"हो!"

"मग पेन असेल ना?"

दिलं. माझ्या पेनाने शेजारी त्याच्या पुस्तकावर सही झाली. मुलगा प्रामाणिक होता, थँक्यू म्हणून पेन परत आणून दिलं, ही गोष्ट पुढे उपयोगी पडली.

संध्याकाळी कॅफेक्लॅच, म्हणजे एका टेबलाशी एक लेखक आणि आधी नाव नोंदवून आलेले आठ-दहा वाचक. माझ्या कागदावर दोन नावं होती. त्यातलं एक माझंच, मला वाटलं हजेरी मांडायचीय. दुसऱ्या नावाचे गृहस्थ आले, बसले आणि त्यांनी त्यांच्या कादंबरीचं कथानक सांगितलं, एकूण सात खंड आहेत, आम्ही दुसऱ्यापर्यंत पोचलो.

1939 ला न्यूयॉर्कमधे पहिलं वर्ल्डकॉन, म्हणजे सायन्स फिक्शनवाल्यांचं जागतिक कन्व्हेन्शन, भरलं तेव्हा जेमतेम 200 माणसं होती. मोरोजो या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या बाईंनी भविष्यकाळातले म्हणून कपडे शिवले आणि त्या नि त्यांच्यासारखेच सायन्स फिक्शनचे चाहते फॉरेस्ट अ‍ॅकरमन तेच घालून तिथे फिरले, पात्रांचा वेष करून येण्याला आज कॉस्प्ले म्हणतात, त्याची सुरुवात बरेच जण तिथूनच धरतात. मी हे मुद्दाम वाचून गेलो होतो, कारण मनातल्या मनात एकच आशा होती, निदान एकाने तरी माझ्या पुस्तकातल्या पात्राचा वेष करावा. माझा नायक यानावरचा मेकॅनिक, पिवळं जॅकेट, खांद्याला वॉकीटॉकी, कमरेला मोठा टॉर्च. अवघड काही नाही.

आणि शेवटच्या संध्याकाळी तो दिसला! हॉलच्या मागच्या दाराशी उभा, जॅकेट, वॉकीटॉकी, टॉर्च, चेहऱ्यावर तो वैतागसुद्धा अगदी मी लिहिला तसा. माझा गळाच दाटून आला. मी धावत गेलो, त्याच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढला, न विचारताच पेन काढलं आणि जॅकेटच्या पाठीवर सही करायला लागलो. आडनावापर्यंत आलो तेव्हा तो मान न वळवता म्हणाला, "सर, मी फायर सेफ्टीचा माणूस आहे, आणि तुम्ही एक्झिटच्या दारात उभे आहात."