मार्चचा तपकिरी माळ आणि मेंढ्यांवरचा खटला

सोलापूर, पुणे, अहिल्यानगरकडच्या राखीव माळरानांबद्दल एक म्हणणं समाजमाध्यमांवर हिरिरीनं पुढे पाठवलं जातं. मार्चमधल्या उपग्रहाच्या चित्रात माळ तपकिरी दिसतो, म्हणजे तो उजाड झालाय, मेंढ्यांनी खाल्लाय, चराई बंद करून झाडं लावली की हिरवं होतं, आणि उपग्रह असताना माळ तुडवत फिरायची गरज नाही.

“तपकिरी म्हणजे उजाड.” पाऊस सरला की कुसळी, पवन्या, शेडा ही गवतं वाळून उभी राहतात. आपल्या माळाचा तो नेहमीचा क्रम आहे. ही चित्रं बहुधा एनडीव्हीआय या निर्देशांकावर रंगवलेली असतात. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं आणि पान निकट-अवरक्त प्रकाश परतवतं, त्या फरकावर तो चालतो. वाळल्या गवतात हरितद्रव्य नाही, त्यामुळे गुडघाभर गवत असो की उघडा मुरूम, आकडा कमीच येतो. दोन्ही वेगळे काढायचे तर लघुतरंग अवरक्त पट्टे वापरावे लागतात. आणि २०१८ सारख्या दुष्काळी सालाचं चित्र भरपावसाच्या सालाशेजारी ठेवून ‘बघा ऱ्हास’ म्हणणं ही लबाडी नसेल, तर आळस तरी आहेच.

“हिरवं झालं म्हणजे सुधारलं.” चारांतला हा सगळ्यात घातक मुद्दा. कच्छमधलं बन्नी बघा. सुमारे २,५०० चौरस किलोमीटरच्या या गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकात वन खात्यानं वेडी बाभूळ लावली. ती भर उन्हाळ्यातही हिरवी राहते आणि आज तिनं बन्नीचा मोठा भाग व्यापलाय. नुसता निर्देशांक पाहणारा याला प्रगती म्हणेल. तिथल्या मालधारी पशुपालकांच्या म्हशींचं गवत मात्र त्याच हिरव्याखाली गेलं. लांब कशाला, आपलं सोलापूरजवळचं नान्नज घ्या. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं आणि त्याच मुलखात माळावर गिरिपुष्प या झाडाची लागवडही झाली. माळढोकाला चौफेर नजर पोहोचेल असा मोकळा माळ लागतो. एनडीव्हीआय लागवडीला माळापेक्षा जास्त गुण देतो, कारण माळढोकाची गरज त्या सूत्रात कुठेच नाही.

“मेंढ्यांनी खाल्लं.” सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे १० मीटर बाय १० मीटर जमीन. तिथली हिरवाई घटली एवढं तो सांगतो. काळवीटानं खाल्लं, वणव्यात जळलं, कापून नेलं की पाऊसच झाला नाही, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी शेजारी कुंपण घातलेला, न चरलेला तुकडा हवा. दोघांची तुलना केली तर काही बोलता येईल. त्यातून धनगरांचे अनेक वाडे, म्हणजे कळप घेऊन एकत्र फिरणारे गट, दिवाळीनंतर कोकणात उतरतात. मार्चचं चित्र टिपलं जातं तेव्हा त्यांच्या मेंढ्या तिकडच्या भातखाचरांत खतासाठी बसवलेल्या असतात! पावसाळ्यात ते माळावर असतात हे खरं, आणि चराई जास्त झाली तर माळ बिघडतो हेही खरं. पण ते सिद्ध करायला हा पुरावा चालणार नाही.

“माळावर जायची गरज नाही.” गवत वाढतं जुलै-ऑगस्टमध्ये, नेमके तेव्हाच ढग. सेंटिनेल-२ ची दर पाच दिवसांनी फेरी असूनही स्वच्छ चित्र मिळायची मारामार होते. सेंटिनेल-१ या दुसऱ्या उपग्रहाचं रडार ढगांतून पाहतं, पण कुसळी कुठली आणि मारवेल गवत कुठलं हे त्याला सांगता येत नाही. एक मीटरची चौकट टाकायची, आतलं गवत कापून, वाळवून तोलायचं आणि मग चित्राशी ताडायचं, यातून सुटका नाही.

उपग्रहाला खरोखर स्वच्छ दिसतं ते वेगळंच: माळावर फिरलेला नांगर, मुरमाची खाण, सौर पॅनेलचे चौकोन. लँडसॅट उपग्रहांची, ३० मीटरच्या ठिपक्यांची चित्रं १९८० च्या दशकापासूनची, फुकट, कुणालाही उघडून पाहता येतात. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशात कितीतरी माळ ‘पडीक’ म्हणून रंगवलेले आहेत, त्यामुळे प्रकल्पाला जागा हवी की आधी बोट तिथेच जातं. या फिरत्या मजकुरात त्याबद्दल चकार शब्द नाही. मेंढ्या तेवढ्या आहेत.