'रिकामटेकडी' म्हणालात म्हणून लिहितेय

'परखड वाचक' या नावाने लिहिणाऱ्या दादांना नमस्कार.

मोठ्यांनी लहान मुलांकडून शिकावं या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की मुलं पटापट शिकतात कारण त्यांना आयतं ताट मिळतं, मोठ्यांना वेळ नसतो, आणि असले उपदेश हे 'रिकामटेकड्या बायकांचे उद्योग' आहेत. शिवाय शाळांची फी, मोबाइल आणि माझी एक चूक.

आधी चूक. सयाजीरावांनी १८९३ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात सक्तीचं शिक्षण आणलं असं मी लिहिलं होतं. तेव्हा ते फक्त अमरेलीकडे सुरू झालं, सगळीकडे १९०६ ला. बरोबर आहे तुमचं, दुरुस्ती केलीय.

पण रिकामटेकडी? दादा, मुद्दा खोडा ना, माणसाला कशाला हिणवता? १९९६ ला लग्न होऊन सांगलीहून बडोद्याला आले. पहाटे साडेचारला उठून चौदा डबे, मग नऊ वाजता एका दुकानात हिशेब लिहायला, संध्याकाळी परत स्वयंपाक. गुजराती शिकायला वेळच नाही असं मीही सगळ्यांना सांगायचे, अगदी तुमच्यासारखंच. खोटं होतं ते. मला लाज वाटायची. दांडिया बाजारात मराठीवर भागायचं, पण खंडेराव मार्केटात गेलं की वांग्यांवर बोट ठेवून 'ये आधा किलो' म्हणायचं आणि निघायचं. असे सात महिने काढले.

मग दीर-जाऊ नाशिकहून आमच्याकडे राहायला आले. पुतण्या पाच वर्षांचा. त्याने दोन दिवसांत एकच वाक्य उचललं, 'आ शुं छे?', म्हणजे हे काय आहे, आणि भाजीवालीसमोर उभा राहून एकेक टोपली विचारत सुटला. आ शुं छे? रींगणां. आ शुं छे? डुंगळी. तो डुंगली म्हणाला, ती हसली, तोही हसला आणि परत म्हणाला. संक्रांतीला गच्चीवरून पतंग कापल्यावरचं त्याचं 'काप्यो छे' ऐकू येत होतं, मी खाली गुळपोळ्या लाटत होते.

पुढच्या आठवड्यात मीच विचारलं, आ शुं छे? जांभळा कंद होता. ती म्हणाली रताळु. म्हटलं हे कसलं रताळं, तर तिने आपलं रताळं उचलून दाखवलं, म्हणे हे शक्करियां. मला विचारायला अर्धं मिनिट लागलं असेल, तेव्हा वेळेचं नका सांगू मला.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ ॲलिसन गोपनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ चा प्रयोग आहे. एक खोका, त्यावर ठोकळे ठेवायचे, बरोबर ठेवले की तो दिवा लावतो. कधी दोन ठोकळे एकत्र ठेवल्याशिवाय लागत नाही. हे चार-पाच वर्षांच्या मुलांना कॉलेजच्या मुलांपेक्षा चांगलं उमगलं, कारण मोठी पोरं 'एकाच ठोकळ्याने लागतो' ही नेहमीची समजूत सोडेनात. मुलं सगळ्याच बाबतीत पुढे असतात असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही, आणि एवढी मोठी कमेंट लिहायला वेळ मिळाला तर लेख शेवटपर्यंत वाचायलाही मिळाला असता.

फी आणि मोबाइलवर लेख नव्हता, त्यात मी शिरत नाही. कमेंट काढतही नाहीये. पुढच्या वेळी नाव लिहा, आणि 'बायकांचे उद्योग' हे शब्द इथे परत नकोत.