फॅक्स टेलिफोनच्या आधीचा आहे हो!

भाचीने विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता दाखवायला आणला. त्यावर ठळक अक्षरांत तीन वाक्यं: टेलिफोन नसता तर फॅक्स अशक्यच होता, फॅक्सचा शोध जपानने 1970 नंतर लावला, रेडिओवरून आलेला पहिला फोटो चंद्रावरचा, 1969चा. कुठून घेतलंस, तर म्हणे सोसायटीच्या ग्रुपवरून. हाच फॉरवर्ड मला तीनदा आला होता, तेव्हा सोडून दिला. आता तक्त्यावर चढला म्हटल्यावर गप्प बसवेना.

टेलिफोनचं वाक्य तर कहर आहे. बेलचं पेटंट 1876चं. स्कॉटिश घड्याळजी अलेक्झांडर बेनचं तारेने नक्कल पाठवण्याचं, म्हणजे फॅक्सचंच, ब्रिटिश पेटंट 1843चं. तेहतीस वर्षं आधी! बेनचं यंत्र धड चाललं नाही, हे कबूल. पण इटलीच्या जोव्हानी कासेल्लीचं चाललं. 1865मध्ये पॅरिस ते लियों ही त्याची सेवा लोकांसाठी खुली झाली, तीही साध्या तारयंत्राच्या तारांवरून. धातूच्या पत्र्यावर वीज अडवणाऱ्या शाईने लिहायचं किंवा चित्र काढायचं. लोलकाच्या झोक्यावर एक सुई त्यावरून ओळीओळीने सरकायची. शाई लागली की प्रवाह बदलायचा आणि पलीकडे रसायनात भिजवलेल्या कागदावर निळी रेघ उमटायची. दोन्ही गावचे लोलक एका तालात हलले नाहीत तर चित्राचा पार विचका. बिडाचं हे धूड माणसापेक्षा उंच, आणि त्यावरून जास्त करून काय जायचं? बँकेच्या कामातल्या सह्या. सही पटवायला यंत्र होतं, ‘हॅलो’ म्हणायला नव्हतं.

चंद्राचं एका दमात उरकतो. 1924च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा फोटो न्यूयॉर्क आणि लंडनदरम्यान रेडिओने गेला. आणि चंद्रच हवा असेल तर सोव्हिएत यान लूना 3ने त्याच्या मागच्या बाजूचे फोटो 1959मध्येच पाठवले होते.

राहिला जपान. शोध त्यांचा नाही; पण फॅक्स ऑफिसाऑफिसांत पोचवला तो त्यांनीच, हे मान्य करावं लागतं. हजारो चित्राक्षरांची लिपी टेलिप्रिंटरवर, म्हणजे तारेने मजकूर पाठवणाऱ्या टंकयंत्रावर, बडवणार कशी? त्यापेक्षा हाताने लिहिलेला कागदच पाठवलेला बरा. तेही 1970ची वाट बघत बसले नव्हते. 1928मध्ये सम्राटाच्या राज्यारोहणाचे फोटो क्योतोहून टोकियोला तारेनेच गेले, निवा यासुजिरो यांच्या जपानी यंत्रावर.

भाचीने तिन्ही वाक्यांवर कोरा कागद चिकटवलाय. आता ती लोलकासाठी माझ्या आईचं जुनं घड्याळ मागतेय.