शंभर रुपयांतले पंचेचाळीस पैसे

आक्काचा फोन रात्री साडेनऊला आला. एवढ्या उशिरा तिचा फोन म्हटला की पोटात गोळाच येतो, कारण तिचा थोरला सीआरपीएफमध्ये आहे आणि सध्या मणिपूरला आहे. पण पोरगा खुशाल होता. आक्काला एक मेसेज आला होता. "छावणीत बसून माणशी पंचवीस हजार खात्यात म्हणं, आन् रातच्याला हीच माणसं आपल्या पोरांवर गोळ्या घालत्यात. खरं हाय का रं? तू हिशेबातला माणूस."

मेसेज पाठवणारे दाजींचे धाकटे बंधू. ते कोइमतूरला गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, करतात, आणि त्यांना तो विट्याकडच्या गलाईवाल्यांच्या कुठल्याशा ग्रुपवरून मिळाला. म्हणजे मणिपूरची बातमी कोइमतूरमार्गे खानापूर तालुक्यात आली. वाटेत कुणालाही ती एकदा तपासून बघावी असं वाटलं नाही. ज्या आईचा पोरगा तिथं रात्री पहाऱ्याला उभा असतो, तिलाच ती सगळ्यात आधी पाठवावी, ही अक्कल मात्र सुचली.

मेसेज थोडक्यात असा: मराठी माणसा, जागा हो. तुझ्या कराचे 35 हजार कोटी मणिपूरला फुकट दिले. तो अर्थसंकल्प तिथल्या विधानसभेत न मांडता दिल्लीत गुपचूप उरकला. छावण्यांतल्या लोकांना माणशी महिना 25 हजार मिळतात, म्हणून ते घरी जात नाहीत. बंडखोरांना सरकारच पगार देतं. आणि तिथं रस्ते, रेल्वे बांधणं म्हणजे पैसा पाण्यात. खाली हात जोडलेली चित्रं आणि 'दहा ग्रुपवर पाठवा'.

पंचायत समितीच्या लेखा विभागात माझी एकतीस वर्षं गेली. अर्थसंकल्पाचा कागद मला पोथीसारखा वाचता येतो. मणिपूरचा 2025-26 चा अर्थसंकल्प निर्मला सीतारामन यांनी 10 मार्च 2025 ला लोकसभेत मांडला, त्याचे आकडे कुणालाही बघता येतात. मी ते समोर घेऊन बसलो.

पंचवीस हजारांचं आधी बघू, कारण आक्काची झोप त्यानंच उडवली.

3 मे 2023 ला मणिपूरमध्ये मैतेई आणि कुकी-झो समाजांत हिंसाचार पेटला. अडीचशेच्या वर माणसं गेली आणि 60,000 च्या आसपास लोक घरादाराला मुकले. आता साधा गुणाकार करा. 60,000 माणसं गुणिले 25 हजार म्हणजे महिन्याला 150 कोटी, वर्षाला 1,800 कोटी. आणि अर्थसंकल्पात विस्थापितांसाठी होतं काय? तात्पुरत्या निवाऱ्याला 15 कोटी, घरांसाठी 35 कोटी, मदतकार्याला 100 कोटी आणि नुकसानभरपाईला 7 कोटी. बेरीज 157 कोटी. मेसेजवाल्यांच्या दरानं वाटप केलं असतं तर 1 एप्रिलला उघडलेली तिजोरी मे उजाडताना रिकामी झाली असती.

एकूण खर्चाचा अंदाज 35,104 कोटींचा. त्यातले 157 कोटी म्हणजे शंभर रुपयांतले पंचेचाळीस पैसे. दाजींच्या बंधूंनी शंभराची अख्खी नोट छावणीतल्या बाईच्या पदरात टाकून मेसेज पुढं ढकलला.

आणखी एक भागाकार करतो, तो जरा लागणारा आहे. हे 157 कोटी 60,000 जणांत आणि 365 दिवसांत वाटा. माणशी दिवसाला 72 रुपये येतात. आपल्याकडं छावणी म्हटलं की आधी जनावरांचीच आठवते. 2019 च्या दुष्काळात आटपाडीला, माणला चारा छावण्या होत्या. तिथं मोठ्या जनावरामागं सरकार दिवसाला 90 रुपये देत होतं, पुढं ते 100 केले. ते कमीच होते, छावणीचालकांची ओरड होती आणि त्यांतल्या कित्येकांची ओरड खोटी नव्हती. तेव्हा म्हशीमागं 100 रुपये कमी पडतात म्हणून तहसीलसमोर बसणारे आपण, आणि आज माणसामागच्या 72 रुपयांना 'ऐश' म्हणणारेही आपणच.

हिशेब ढोबळ आहे, कबूल. केंद्रानं अर्थसंकल्पाबाहेरूनही पैसे दिले. सप्टेंबर 2025 मध्ये पंतप्रधान मणिपूरला गेले तेव्हा सुमारे 3,000 कोटींचं विशेष पॅकेज आणि त्यात विस्थापितांसाठी 500 कोटींवर रक्कम असल्याचं त्यांनी सांगितलं. तेही मिळवा. 657 कोटी झाले, दिवसाला माणशी 300 रुपये. जळालेलं घर उभं करणं, भांडीकुंडी, औषधपाणी, पोरांची शाळा, सगळं त्यातच. शिवाय 'जाहीर' आणि 'हातात' यांच्यामध्ये किती टेबलं असतात, ते मी नोकरीत रोज बघितलंय. तरतूद एप्रिलमध्ये दिसते, बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणकावर, निधी येईपर्यंत दिवाळी होते आणि उरलेला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात धावतो. कोयनेत गावं गेली त्यांची नातवंडं आजही पुनर्वसनाच्या जमिनीसाठी आंदोलनाला बसतात. त्यांना विचारा 'मंजूर' या शब्दाचा अर्थ.

राहिलं ते 'घरी का जात नाहीत'. घर असेल तर जातील ना. इंफाळच्या खोऱ्यातल्या कुकी वस्त्या रिकाम्या झाल्या आणि चुराचांदपूर, मोरे इथली मैतेई घरं जळाली. दोन्हीकडची माणसं छावणीत आहेत, हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावं. त्याच्या लेखी छावणीवाला म्हणजे कुठलीतरी एकच जमात. मैतेईंचं खोरं आणि कुकींचे डोंगर यांच्यामध्ये सुरक्षा दलांनी पट्टा राखलाय. त्याच्या पलीकडं आपलं गाव असेल, तर ते डोळ्यांनी दिसतं, पण पाय टाकता येत नाही. पोलिसांच्या शस्त्रागारांतून लुटलेल्या बंदुका हजारोंनी होत्या आणि त्या सगळ्या काही परत आलेल्या नाहीत. अशा गावात बायकापोरं घेऊन कोण जाईल?

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. माझी सासुरवाडी नदीकाठची. सासूबाई नऊ दिवस एका शाळेच्या वर्गात होत्या, बाकावर झोपत होत्या. दहाव्या दिवशी वर्ग सोडताना त्या घराकडं अक्षरशः पळाल्या, आणि घरात तर गुडघाभर चिखल होता. त्या वेळी सरकारनं ग्रामीण भागात कुटुंबाला 10,000 आणि शहरात 15,000 रुपये दिले. तेव्हाही पुण्याच्या एका नातलगानं 'नदीत घरं बांधायची आणि भरपाई मागायची' असा मेसेज आम्हालाच पाठवला होता. सासूबाईंनी तो नंबर अजून ब्लॉक ठेवलाय. चुराचांदपूरच्या बाईला मराठी येत नाही हे आपलं नशीब.

आता 35 हजार कोटी 'महाराष्ट्राचे' असल्याचा मुद्दा. इथं अर्धं खरं आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. मणिपूरचा स्वतःचा महसूल फार थोडा. महसुली जमेतल्या रुपयात जेमतेम दहा-बारा पैसे त्यांचे, बाकी केंद्राकडून येतं. आणि महाराष्ट्रातून केंद्राला कर भरपूर जातो, त्या मानानं परत कमी येतं, ही तक्रार खोटी नाही. पण ती भांडायची कुणाशी, हे तरी नीट बघा. पंधराव्या वित्त आयोगानं केंद्राच्या करातल्या राज्यांच्या वाट्यात मणिपूरला 0.716 टक्के दिले, महाराष्ट्राला 6.317 आणि उत्तर प्रदेशला 17.939. भांडायचंच असेल तर सूत्राशी भांडा. पाऊण टक्काही ज्याच्या पदरात पडत नाही, त्याची गचांडी धरण्यात कसला पुरुषार्थ? शिवाय मुंबईतून भरलेला सगळा कर मराठी माणसाच्या घामाचा नसतो, देशभर धंदा करणाऱ्या कंपन्यांची मुख्यालयं तिथं आहेत म्हणून तो तिथून जातो. आणि दाजींच्या बंधूंनी रागावू नये, पण ते स्वतः जीएसटी भरतात तो तमिळनाडूत.

35 हजार कोटी हा आकडा ऐकून डोळे फिरत असतील तर हेही ऐका. त्याच दिवशी, 10 मार्च 2025 लाच, मुंबईत महाराष्ट्राचा अर्थसंकल्प मांडला गेला. तो सुमारे 7 लाख कोटींचा होता. त्यात एकट्या लाडक्या बहिणीसाठी 36,000 कोटी होते. म्हणजे मणिपूरच्या अख्ख्या राज्याचे पगार, पोलीस, दवाखाने, शाळा, रस्ते, कर्जफेड आणि त्या छावण्या, सगळं मिळून आपल्या एका योजनेपेक्षा कमी. आक्कालाही महिन्याला 1,500 येतात. त्यावर इंफाळहून कुणी मेसेज केल्याचं ऐकलं नाही.

'दिल्लीत गुपचूप' हे तर निव्वळ अडाणीपण आहे. मुख्यमंत्री बीरेन सिंह यांनी 9 फेब्रुवारी 2025 ला राजीनामा दिला, 13 तारखेला राष्ट्रपती राजवट लागली. विधानसभा स्थगित झाली की त्या राज्याचा पैसा संसदच मंजूर करते, घटनेत तसंच लिहिलंय. टीव्हीवर दिसलं ते गुपचूप कसं? मात्र मार्चमध्ये आधी लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांपुरती मंजुरी, झालं आणि उरलेली मंजुरी ऑगस्टमध्ये लोकसभेतल्या गोंधळात उरकली, फारशी चर्चा न होता. याचा राग असेल तर तो रास्त आहे. पण मेसेजमध्ये तो राग नाहीच.

बंडखोरांना पगार. याला मी 'खोटं' म्हणणार होतो, पण म्हणता येत नाही. 2008 मध्ये केंद्र, राज्य आणि कुकी-झो सशस्त्र गटांच्या दोन आघाड्या यांच्यात कारवाया थांबवण्याचा करार झाला. ठरलेल्या तळांवर राहायचं, हत्यारं कुलपात ठेवायची, आणि बदल्यात प्रत्येकाला महिना 5,000 च्या आसपास भत्ता. सप्टेंबर 2025 मध्ये हा करार नव्यानं झाला. तळ वेळेवर तपासले जात नाहीत, कुलपं नावालाच असतात, असे आरोप वर्षानुवर्षं आहेत आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. एवढं खरं. पण हा भत्ता बंदूक चालवायला नाही, खाली ठेवायला आहे. गडचिरोलीत महाराष्ट्र सरकार 2005 पासून आत्मसमर्पण करणाऱ्या नक्षलवाद्यांना पैसे देतंच आहे. 15 ऑक्टोबर 2025 ला नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला, तेव्हा याच ग्रुपवर फेट्यांची आणि फटाक्यांची चित्रं पडली होती. आपलं ते पुनर्वसन आणि त्यांचा तो पगार!

छावणीतली माणसं आणि तळावरचे बंदूकधारी हे दोन वेगळे लोक आहेत, हेही सांगायला लागतंय. मेसेजनं दोघांना एकाच ताटात जेवायला बसवलं आणि त्याच ताटावरून आक्काच्या मनात आलं की आपला पोरगा ज्यांची राखण करतो तेच त्याच्यावर उलटलेत. भाच्याशी मी बोललो. ड्युटीचं तो काही सांगत नाही, सांगूही नये. एवढंच म्हणाला, "मामा, आईला असलं काय पाठवू नका म्हणावं. ती मला विचारत बसती आन् मग जेवत नाय."

रस्ते-रेल्वेवर फार लिहीत नाही. इंफाळचं पेट्रोल, तांदूळ, औषधं मुख्यतः दोन महामार्गांवरून येतात, एक नागालँडकडून आणि एक जिरीबामकडून. ते अडले की गावातल्या चुलीपासून जवानाच्या मेसपर्यंत सगळं अडतं. 111 किलोमीटरच्या जिरीबाम-इंफाळ रेल्वेचं काम रखडत चाललंय, खर्च वाढत चाललाय, तिथं टीकेला भरपूर जागा आहे. पण रस्ताच नको म्हणणाऱ्यानं आधी विटा-सांगली रस्त्याच्या खड्ड्यांवर बोलणं बंद करावं.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी आक्काकडं जाऊन कागदावर आकडे लिहून सांगितलं. दाजी बाजूला बसून ऐकत होते, बोलले नाहीत. लाडक्या बहिणीच्या वेळी आक्का हसली. जनावरांच्या 100 रुपयांना नाही हसली, 2019 ला तिच्याच दोन म्हशी छावणीत होत्या.

मग तिनं 35 कोटींच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे घरांचं ना? एका घराला किती धरत्यात?" डोंगरी भागात प्रधानमंत्री आवास योजनेचे 1 लाख 30 हजार मिळतात, तोच दर मी धरला. 2,700 घरंसुद्धा पुरी होत नाहीत. घरात पाच माणसं धरली तरी कुटुंबं 12,000 होतात. पंतप्रधानांनी 7,000 नवी घरं सांगितलीत, तीही मिळवली. आक्कानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि कागद माझ्याकडं सरकवला.

"दोनेक हजार घरं कमीच पडत्यात की. ती कुठं लिहिल्यात?"