काय बे, तेव्हा कुठं होतास?

राजकारणावर वाद घालायचाय? मग आधी समोरच्याचं म्हणणं वाचायची सवय सोडा, उगाच वेळ जातो. त्याचा डीपी बघा. गॉगल घातलाय? 'बापाच्या पैशावर उड्या.' नाही घातला? 'भिकारडा.' आडनावावरून पक्ष ठरवता येतो, आणि पक्ष ठरला की पुढं बोटं आपोआप चालतात.

समजा, सोलापुरातल्या तुमच्या पेठेच्या ग्रुपवर कुणी लिहिलं, 'उजनी धरण शंभर टक्के भरलंय आणि आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी.' हा माणूस घातकी. कारण तुमच्याही नळाला पाचव्याच दिवशी येतं. म्हणून पाण्याबद्दल चकार शब्द काढू नका. 'काय बे, त्यांची सत्ता होती तेव्हा कुठं होतास?' एवढंच विचारा. तो तेव्हाही हेच लिहीत होता आणि तुम्ही त्याला अंगठा देत होता, पण ते आता कोण उकरतंय? तरी फेसबुकवरच्या जुन्या पोस्टी एकदा चाळून घ्या. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. दोन्ही वेळा बेसावध मंडळींचे फार हाल झाले. आपल्यातून तिकडं गेला तो गद्दार. तिकडून इकडं आला त्याला आतला आवाज ऐकू आला. (तो नेमका शपथविधीच्या आधीच का ऐकू येतो, हे कानाच्या डॉक्टरांना विचारा.)

बाईनं मत मांडलं तर मताला हात लावू नका, भाकरी थापता येते का ते विचारा. तिच्याच कडक भाकरीवर आणि शेंगाचटणीवर अख्खा ग्रुप मागच्या हुरड्याला तुटून पडला होता, हे तेवढ्यापुरतं विसरा. आणि तुमचं आई-बहिणीवरून सगळं बोलून झाल्यावर समोरच्यानं 'मूर्ख' म्हटलं, तर लगेच दुखावून जा. 'भाषा सांभाळा, आमच्यावर असे संस्कार नाहीत.'

जानेवारीत मात्र वेळापत्रक पाळावं लागतं. १२ तारखेला चार हुतात्म्यांना अभिवादन. १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, चौघांचा एकत्र फोटो, खाली 'हीच सोलापूरची एकी'. १३ तारखेला ग्रुपमधल्या एखाद्या हुसेनला परदेशाचं तिकीट काढून द्या. १४ ला तीळगूळ, गोड गोड बोला. मग सहकुटुंब सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्यावर.

आणि पहाटे तीनला खालून हाक आली, 'ऊठ बे, पाणी आलंय!', तर आवाज ओळखीचाच असणार. रात्री अकराला ज्याच्या सात पिढ्या धुतल्या, तोच तो. मुकाट्यानं पाइप घेऊन खाली जा. मोटार त्याची आहे.